दोन्ही अर्थांनी वकील

बाबा, तुमच्या त्या अमेरिकन वकिलाच्या गावाला अगदी लागून मी राहते. फोरबर्गहून हेग सायकलच्या टप्प्यात आहे. अडीचशे वर्षांपूर्वी तो नव्या देशाचा दूत होऊन इथे आला आणि कितीतरी दिवस त्याला कोणी दारात उभं करेना. 'दोन्ही अर्थांनी वकील!' असं तुम्ही खुशीत म्हणायचात, कारण पेशवाईत दूतालाही वकीलच म्हणत. पण तुमचा खरा जीव त्याच्या आधीच्या खटल्यात. जमावावर गोळ्या झाडणाऱ्या इंग्रज शिपायांचं वकीलपत्र त्याने घेतलं आणि तिकडे अमेरिकेत त्याचं सगळं गाव त्याच्यावर उलटलं.

ही गोष्ट तुम्ही सांगितलीत ती स्वयंपाकघरात, शेंगा सोलताना. आमच्या शाळेच्या बाईंना जीपखाली जायबंदी करणाऱ्या माणसाचं वकीलपत्र तुम्ही नुकतंच घेतलं होतं. आई पोळ्या लाटतेय. "एवढा कसला पुळका त्याचा?" असं विचारतेय. तुम्ही मान वर न करता म्हणता, "पुळका नाही गं. त्याच्या बाजूने कुणीतरी उभं राहायला नको?" माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, तो माणूस तुम्हाला आवडतो, आणि मी तुमच्यावर भयंकर चिडले.

मागच्या आठवड्यात स्लोटरडाइकच्या ऑफिसात आमची सिस्टिम दिवसभर बंद पडली. ज्या बदलाने ती पडली तो केला होता टीममधल्या एकाने, माझी कामं स्वतःची म्हणून मिरवणाऱ्याने. मीटिंगमध्ये सगळे त्याच्यावर तुटून पडले. साहेब त्याला काढायचीच भाषा करू लागले. तो बदल आम्ही सगळ्यांनी तपासून पास केला होता, पण कोणी तोंड उघडेना. शेवटी मी बोलले. म्हटलं, तो बदल आपण सगळ्यांनीच पास केलाय. बाहेर आल्यावर एक पुणेकर सहकारी म्हणाला, "तुला कोणी सांगितलं होतं त्याचं वकीलपत्र घ्यायला? तुझं परमिट रिन्यूअलला आहे ना?" आहे. आणि इथे राहायची ती परवानगी याच नोकरीवर अवलंबून आहे. साहेब तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतात.

हे आईला फोनवर सांगणार होते, पण त्या जीपवाल्याचा विषय निघाला की ती आजही काहीतरी निमित्त काढून फोन ठेवते. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही गेल्यावर आता पाठवायला पत्ता नाही, लिहून ठेवून देईन.

त्याची नोकरी वाचली, बाबा. माझं काय ते पुढच्या महिन्यात कळेल. पण तुम्हाला म्हणून सांगते, तो राहिला हे ऐकल्यावर मला थोडं वाईटच वाटलं.