डाव्या मांडीचा घेर

११ नोव्हेंबर, सोमवार

फिजिओ मॅडम म्हणाल्या, रोज लिहायचं. व्यायाम, जेवण, झोप. म्हणून ही वही.

मांडीचा घेर: डावी ४४ सेंमी, उजवी ५०. मॅडमनी टेप दोनदा लावून बघितली. "सहा महिने पाय वापरलाच नाही तर मांस झडणारच. रॉड नुसतं हाड धरून ठेवतो. चालवायचं काम मांसाचं."

संध्याकाळी जिमला गेलो. मे नंतर पहिल्यांदा. असलमभाईने एका वजनाला हात लावू दिला नाही. खुर्चीवरून उठायचं, बसायचं. दहा-दहाचे तीन. तिसऱ्याला डावा पाय नुकत्याच जन्मलेल्या करडासारखा लटलटायला लागला. पोरं आरशातून बघत होती. याच आरशासमोर मी एप्रिलमध्ये दंड बघत उभा असायचो.

ऑफिसात अजून फोनवरच बसवलंय. वायरमन असून पोलवर चढायची बंदी. "लाईट कधी येणार?" एवढंच दिवसभर कानात.

झोप ४.

१३ नोव्हेंबर, बुधवार

जेवण: चार अंडी, दोन फुटली उकडताना. पोहे. दुपारी मार्गासनीहून डबा आला. मामींनी एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिलेला. बाजरीची भाकरी, हरभऱ्याची उसळ, वर चिठ्ठी स्वराच्या अक्षरात. आजीने सांगितलेली असणार. "प्रोटीन आहे. खावा."

माझी बायको उज्वला गेल्यापासून मामी, तिची आई, मला डबा पाठवते. आपली लेक गेली, आणि माझी लेक सांभाळून वर मला डबा. घास उतरत नाही, तरी खाल्ला. पायासाठी.

झोप साडेतीन.

१७ नोव्हेंबर, रविवार

मार्गासनीला गेलो, एसटीने. स्टॉपपासून मामींचं घर दहा मिनिटं. मला वीस लागली.

स्वरा ओट्यावर बसलेली. फ्रॉकच्या खिशात काहीतरी जड. विचारलं तर खिशावर हात ठेवला. मामी म्हणाल्या, "दगडं हायेत. कुत्रं दिसलं की मारती. शाळंत जाताना दोन्ही खिसे भरून जाती. म्या रोज काढते, ती रोज भरती."

मी तिच्याशेजारी टेकलो. ती सरकली नाही, पण अंग आखडून बसली. मग म्हणाली,

"पप्पा, कुत्रा कुठल्या रंगाचा व्हता?"

मी म्हणालो, "काळा."

विचार पण करावा लागला नाही. आत तयारच असल्यासारखा आला शब्द.

झोप २. का ३. घड्याळ बघितलं नाही.

१८ नोव्हेंबर, सोम.

आज पायाला विश्रांतीचा दिवस. तरी गेलो. उठ-बस साठ. मग लेग प्रेसवर नुसत्या डाव्या पायाने, वजन लावून. असलमभाई बाहेर गेले होते, आले आणि वजनाची पिनच काढली.

"मसल हितं वाढत न्हाई रे. हितं नुसता तुटतो. वाढतो खाण्यात आन झोपंत. किती वेळा सांगू?"

सांगायची गरज नाही. हे मला एप्रिलमध्ये पण पाठ होतं. दुसऱ्या पोरांना मीच सांगायचो.

२२ नोव्हेंबर, शुक्र.

ही वही मॅडमना दाखवायची आहे. हे पान फाडीन.

कुत्रं नव्हतं.

त्या आदल्या रात्री वळवाच्या वाऱ्याने तारा तुटल्या होत्या. पहाटे चारपर्यंत मी पोलवर. घरी येऊन झोपायचं, तर पाचला जिमला गेलो. भोरला बॉडीची स्पर्धा होती पुढच्या महिन्यात, एक दिवस बुडाला तर वाटायचं खांदे उतरले. महिनाभर तेच चाललेलं. ड्युटी, जिम, चार तास झोप, कधी तीन. आरशात अंग दिसायचं, त्यामुळे आपण ठणठणीत आहोत असंच वाटायचं.

दुपारी आंबवड्याला बारसं. उज्वलाच्या मैत्रिणीच्या मुलीचं. स्वराला आजीकडे ठेवलेली. जेवून मोटारसायकलवर निघालो. मागे उज्वला, साडीत, एका बाजूला बसलेली. ऊन. सरळ रस्ता. डोळा लागला.

किती वेळ ते माहीत नाही. उघडला तेव्हा ओढ्यावरच्या मोरीचा कठडा समोर होता.

दवाखान्यात कोणीतरी म्हणालं, "कुत्रं आडवं आलं आसंल." मी हो म्हणालो. एवढंच. मी बनवलं पण नाही, आयतं मिळालं. मग सगळ्यांनी तेच सांगितलं एकमेकांना. मातीला आलेल्या लोकांनी, मामींनी, शाळेतल्या बाईंनी स्वराला.

पान फाडलं नाही. उद्या फाडीन.

३० नोव्हेंबर, शनि.

गुडघा सुजला. मॅडम चिडल्या. "पायाला शिक्षा करताय का व्यायाम करताय? तीन दिवस पूर्ण आराम." वही मागितली. घरी विसरली म्हणालो. खोटं बोलायची सवय झाली आता.

डावी ४४. सूतभरही फरक नाही. मॅडम म्हणाल्या, खाताय, करताय, मग झोपत नसणार. झोप किती? सहा म्हणालो.

८ डिसेंबर, रविवार

मार्गासनी. पोचलो तर दारात शेजारची बाई भांडत उभी. त्यांच्याकडचं कुत्र्याचं पिल्लू स्वराने दगडाने मारलं. मागचा पाय मोडला. पिल्लू त्या बाईच्या पदरात, आवाज पण काढत नव्हतं, नुसतं थरथरत होतं.

मामी हात जोडत होत्या. स्वरा दाराआड.

"का मारलंस बाळा?"

"काळं हाय ते."

मी तिथेच पायरीवर बसलो. सगळ्यांना वाटलं पाय दुखला. मामींनी पाणी आणलं.

काळा मीच म्हणालो होतो. तिने गावातली बाकीची कुत्री सोडून दिली होती आणि काळं शोधत होती.

९ डिसेंबर, सोम.

जिमला बाकावर बसून राहिलो. काहीच झालं नाही हाताने. असलमभाई पोरं गेल्यावर जवळ आले. सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं.

ते फडकं घेऊन बाक पुसत राहिले, पुसलेलाच बाक. मग म्हणाले, "त्या दिवशी पाचला तू आला व्हतास. डोळं लाल. माझ्या ध्यानात आलं व्हतं. म्या तुला घरी हाकलायला पायजे व्हतं. उलट म्हनलो, एक सेट अजून मार."

मी म्हणालो, तुमचा काय दोष.

"दोष कुणाचा त्ये आल्ला बघंल. पोरीला सांग. न्हाईतर ती आयुष्यभर दगडं उचलंल."

झोप ५. का कोण जाणे.

१५ डिसेंबर, रविवार

मामींना सांगितलं.

परड्यात पावटा सोलत बसल्या होत्या. स्वरा मैत्रिणीकडे. मी समोर बसलो आणि एका दमात बोललो. झोप, जिम, डोळा लागला, कुत्रं नव्हतं. त्यांचे हात थांबले नाहीत. शेंग, दाणे, शेंग, दाणे. मला वाटलं ऐकलंच नाही.

मग म्हणाल्या, "सात महिनं म्या त्या कुत्र्याला शिव्या दिल्या."

मी मान खाली घातली.

"रोज दिवा लावताना. माझी लेक खाल्ली म्हनून." सूप बाजूला ठेवलं. "आता कुनाला देऊ?"

"मला द्या."

"तुमी स्वराचं बाप हाय. तुमास्नी कशी देऊ?"

उठताना म्हणाल्या, "पोरीला तुमी सांगा. म्या सांगनार न्हाई. आन आज जेवायला थांबू नका."

साडेतीनच्या एसटीने परत.

२४ डिसेंबर, मंगळ.

डबा बंद झालाय. मी एसटी स्टँडवर जातो तरी, त्या गाडीच्या वेळेला. ड्रायव्हर लांबूनच मान हलवतो.

स्वतः करतो आता. मुगाची उसळ, अंडी, दूध. भाकरी थापता येत नाही, चपाती आणतो. वेळेवर जेवतो. वेळेवर आडवा होतो. मॅडमनी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायला लावलाय. झोप ६, साडेपाच, ६. खरे आकडे.

डावी ४६.

मॅडम एवढ्या खूश झाल्या की नर्सला बोलावून दाखवलं. "बघा, मांस धरायला लागलं." मला येड्यासारखं रडू आलं तिथेच टेबलावर. त्यांना वाटलं आनंदाने. मांडीला काय माहीत, कोण गेलं, कुणामुळे गेलं. खायला घातलं, झोपू दिलं, की वाढायला लागली. लाज वाटते तिची.

५ जानेवारी, रविवार

सांगितलं.

मामींनीच तिला माझ्याबरोबर नदीकडे पाठवलं. पाण्याजवळ बसलो. मी म्हणालो, स्वरा, मी तुला एक खोटं सांगितलंय. ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्यात काडी फिरवत होती.

"पप्पाला गाडीवर झोप लागली. म्हणून पडलो आपण. म्हणजे मी आणि मम्मी. कुत्रा आलाच नव्हता."

"काळा पन न्हाई?"

"कुठलाच नाही."

"एक पन न्हाई?"

"एक पण नाही, बाळा."

काडी पाण्यात सोडली. ती वाहून दिसेनाशी होईपर्यंत बघत बसली. मग उठून चालायला लागली. मी मागून हाक मारली, थांबली नाही. तिचा वेग मला झेपला नाही. ती पुढे, मी खूप मागे, शेतातून घरापर्यंत तसेच.

घरात गेली ती बाहेर आली नाही. मामींनी चहा दिला. पहिल्यांदा त्या घरात मी पाहुण्यासारखा कपबशीत चहा प्यालो.

१२ जानेवारी, रविवार

गेलो. आली नाही बाहेर. पलंगावर भिंतीकडे तोंड करून. झोपेचं सोंग. पापण्या हलत होत्या. मी उंबऱ्यातूनच माघारी फिरलो.

मामी: "दगडं उचलीत न्हाई आता. पन बोलत बी न्हाई. माझ्याशी बी न्हाई. शाळंत बाईंनी इचारलं काय झालं म्हनून."

"मी चुकलो का सांगून?"

"मला नका इचारू. मला अजून तुमच्याकडं बघवत न्हाई नीट." पण मागून स्टॉपपर्यंत आल्या. गाडी येईपर्यंत उभ्या राहिल्या, जरा लांब. दोघांनी रस्त्याकडे बघत वेळ काढला. गाडीत चढताना मला दांडा धरावा लागला, तेव्हा त्यांचा हात पुढे आला आणि परत गेला.

२१ जानेवारी, मंगळ.

डावी ४८. ऑफिसच्या मागे चाचणी. साहेब, मी, आणि जुना लाकडी पोल. पट्टा बांधला. चढलो. पाच-सहा पावलांनंतर वाटलं लटलटणार, नाही लटलटला. वर टेकलो. डावा पाय भार घेतो.

वर वारा होता. खाली उतरावंसं वाटलं नाही. साहेब ओरडले तेव्हा उतरलो.

"एक तारखेपासून लाईनवर. रातपाळी पण धरायची."

मी म्हणालो, धरतो. पण पाळी सुटल्यावर गाडी चालवणार नाही. कोणी कितीही घाई करू दे. एसटी मिळेपर्यंत स्टोअरमध्ये झोपीन. साहेबांनी मान डोलावली, कारण विचारलं नाही.

असलमभाईला सांगितलं, आता आठवड्यात तीनच दिवस येणार. स्पर्धेचा विषय काढू नका. ते म्हणाले, "कोन काढतंय?" आणि मला आज व्यायाम न करता घरी पाठवलं.

पोलवर चढलो हे कुणाला तरी सांगायचं होतं. मोबाईल हातात घेतला. उज्वलाचा नंबर अजून आहे.

३० जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी मामींच्या मोबाईलवरून फोन. मी म्हणालो, मामी, बोला. पलीकडे नुसता श्वास. ओळखला.

"स्वरा?"

पंचवीस दिवसांनी आवाज ऐकला. "पप्पा, एक इचारू?"

"विचार."

"मम्मीला ठाव व्हतं का, तुमाला झोप येती म्हनून?"

मागून मामींचा आवाज आला, "कुनाशी बोलती गं?" ती वाट बघत होती. मी म्हणालो, "रविवारी येतो, तेव्हा सांगतो. समोर सांगतो." तिने बरं म्हटलं नाही. ठेवला.

याचं उत्तर असलमभाईला सांगितलं नाही. मामींना नाही. त्या नोव्हेंबरच्या पानावर पण लिहिलं नाही.

माहीत होतं उज्वलाला. आंबवड्याहून निघाल्यावर वाटेत चहाची टपरी लागली, तेव्हा तिने पाठीवर हात मारला. "थांबू या. तुमचं डोळं बघा कसं झाल्यात. चहा घ्या, घटकाभर झाडाखाली पडा. मी बसते, काय घाई न्हाई."

मी म्हणालो, साडेतीनला माझं खायचं असतं. चिकन उकडून ठेवलंय घरी. वेळ चुकली की सगळी मेहनत वाया.

ती हसली. म्हणाली, "बरं बाई, तुमचं चिकन." आणि हात परत खांद्यावर ठेवला.

हे सांगू का स्वराला? नऊ वर्षांची आहे. तिला कळेल की तिची आई थांबायला सांगत होती. आणि नाही सांगितलं, तर पुन्हा एक कुत्रा.

आज गुरुवार. जेवलो नाही अजून. भूक नाही.