पाठिंबा : पाचपैकी पाच

४ सप्टेंबर

गाइड मॅडमनी आज पुन्हा प्रबंधाचं शीर्षक बदललं. 'कौटुंबिक पाठबळ आणि युवकांचा नागरी सहभाग : वसई-विरारचा अभ्यास'. आधी 'पाठिंबा' होता, आता 'पाठबळ'. एवढ्यासाठी अर्धा दिवस केबिनबाहेर बाकावर बसवून ठेवलं! पीएचडीचं तिसरं वर्ष, आणि मी अजून शीर्षकावरच.

९ सप्टेंबर

प्रश्नावलीची चाचणी घरच्यांवरच घेतली. 'पाल्याने सार्वजनिक प्रश्नावर भूमिका घेतल्यास तुम्ही कितपत पाठिंबा द्याल? एक ते पाच.' बाबांनी धाडकन पाचला गोल केला. वर म्हणतात, "लिही, वडील मुलीच्या पाठीशी ठामपणे उभे आहेत." सोसायटीचे सेक्रेटरी झाल्यापासून घरातही ठराव मांडल्यासारखं बोलतात.

आईने त्यांच्या कागदात डोकावलं आणि पाचलाच गोल केला. म्हटलं, अगं, तुझं स्वतःचं मत लिही ना!

"ह्यांचं तेच माझं."

झालं! आणि मॅडमना स्त्रियांच्या दृष्टिकोनावर वेगळं प्रकरण हवंय. कुठून आणू?

१६ सप्टेंबर

आजची मुलाखत हर्षवर्धनची. वसई पूर्वेच्या टॉवरमधला, कॉलेजात शिकणारा. किनारा स्वच्छता, वृक्षारोपण, रक्तदान शिबिरात स्वयंसेवक — सगळी प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली. उत्तरं मात्र त्याची आईच देत होती. "आम्ही फुल सपोर्ट करतो हं! पहाटे बीचवर मीच सोडायला जाते, गाडी घेऊन."

त्याला विचारलं, कचऱ्यात काय काय सापडलं रे? तो आईकडे बघायला लागला. "अरे, फोटो दाखव ना त्यांना!" फोटोत हातमोजे कोरे करकरीत. सगळं कॅनडाच्या अर्जाला जोडायचंय म्हणे. माझ्या तक्त्यात मात्र हेच घर सगळ्यात वर जाऊन बसलं!

२३ सप्टेंबर

वसईतल्याच गास गावाला जाऊन आले. कॉन्रॅड सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या ओहोळासाठी भांडतो. ओहोळाच्या तोंडाशी कुणीतरी पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणून टाकतंय. पाणी तुंबतं, मागची भातशेती कुजते. त्याने पालिकेत तक्रार दिलीय, गावातली पोरं जमवलीत.

त्याचे वडील, बॅप्टिस्टकाका, पडवीत बसून ऐकत होते. विचारलं, काका, तुमचा पाठिंबा किती?

"कसला पाठिंबा? मी ह्याला रोज शिव्या घालतो. त्या डंपरवाल्यांनी उद्या ह्याचे हातपाय मोडले, तर तुझी पीएचडी येनार का जोडायला?"

एकला गोल केला. "एकच्या खाली काय नाय?" म्हणाले!

कॉन्रॅड नुसता हसत होता. मला तर तोही आगाऊच वाटला. एका तक्रारीने ओहोळ मोकळा होणार म्हणे!

२५ सप्टेंबर

मॅडमचा निकाल : "तो आऊटलायर आहे. काढून टाक." घरून पाठबळ नाही तरी पोरगा भांडतो, म्हणजे पोरगाच चुकीचा. सिद्धान्त कसा चुकेल!

२८ सप्टेंबर

कॉन्रॅडने ओहोळ दाखवायला नेलं. भात काळं पडलंय, चिखलाला कुबट वास. आणि वर तो ढीग — विटा, सळ्या, फुटकी बेसिनं. त्यात गुलाबी फरशी, कडेला निळी वेल. आमच्या स्वयंपाकघरातली! आईने दुकानं पालथी घालून आणली होती. जरा पुढे आमच्या जिन्याचा हिरवा कठडा.

मे महिन्यात आमची इमारत पाडली, रीडेव्हलपमेंटसाठी. तेव्हापासून सगळे सभासद भाड्याच्या घरात. पाडलेलं सगळं गेलं कुठे, हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"काय झालं? साप दिसला का?" कॉन्रॅडने विचारलं.

नाही, म्हटलं. तेवढंच.

२९ सप्टेंबर

बाबांना विचारलं. "राडारोडा कुठे टाकायचा ते बिल्डरचं काम. सोसायटीला काय कल्पना?"

आता कळलं ना, मग पालिकेला लिहून द्या.

"वेडी आहेस का? काम थांबलं तर? बत्तीस कुटुंबं उघड्यावर आहेत. तळमजल्यावरचे आजोबा रोज फोन करतात, मी असेपर्यंत घर मिळेल ना म्हणून. त्यांना काय सांगू?"

आजोबांचं खरं आहे. तोच तर त्रास आहे! पण पुढे म्हणतात, "तू तुझा अभ्यास कर. माझा पाठिंबा आहेच." हो, पाचपैकी पाच. फक्त भूमिका घ्यायची नाही.

आई पोळ्या लाटत होती. मान वर नाही. अपेक्षाही नव्हती म्हणा.

६ ऑक्टोबर

मॅडमना सगळं सांगितलं. "तू संशोधक आहेस, कार्यकर्ती नाहीस. विषयापासून अंतर ठेव." अंतर! त्या फरशीवर मांडी घालून मी पाढे पाठ केलेत.

७ ऑक्टोबर

अंतर ठेवलं. सोपं असतं.

११ ऑक्टोबर

कॉन्रॅडला मारलं. डंपर अडवायला गेला, तिघांनी मिळून ओहोळात पाडला. उजवा हात मोडलाय.

दवाखान्यात गेले तर बॅप्टिस्टकाका त्याला पेज भरवत होते, आणि तोंडाने शिव्या चालू. "सांगत होतो ना? सांगत होतो ना? आता तरी सोडशील?"

"नाय."

"मग खा." पुढचा चमचा.

मी तिथेच सांगून टाकलं — त्या ढिगातली एक इमारत आमची आहे. तक्रारीची सुनावणी लागली की मी येऊन सांगेन. काका म्हणाले, "बापाला सांगितलंस?"

नाही.

"आधी त्याला सांग. परक्याकडून कळू नये."

एकला गोल करणारा माणूस! तक्ता फाडून टाकावासा वाटला.

१३ ऑक्टोबर

सांगितलं. बाबा ओरडले नाहीत, टीव्ही बंद केला. "माझ्याविरुद्ध उभी राहणार?"

बिल्डरविरुद्ध.

"सेक्रेटरी मी आहे. करारावर सही माझी आहे. लोक कुणाला धरतील?" मग, "सगळ्यांसमोर सांगत फिरतो मी, ज्ञानदा डॉक्टर होणार म्हणून."

मी आत निघून गेले. रडले नाही. रडायला काय झालं!

२१ ऑक्टोबर

दिवाळी. चकल्या झाल्या. बोलणं नाही.

२९ ऑक्टोबर

तळमजल्यावरच्या आजोबांचा मला फोन! बाबांनीच नंबर दिला असणार. "बाळ, दोन महिने उशिराने सांगितलंस तर नाही का चालणार?" भात दोन महिने थांबत नाही, हे ऐंशीच्या माणसाला कसं ऐकवायचं? "बघते," म्हणून फोन ठेवला. स्वतःचीच चीड आली.

३० ऑक्टोबर

उद्या पालिकेत सुनावणी. आई विचारते, कुठल्या मजल्यावर आहे गं?

तुला काय करायचंय?

"सहज."

सहज! आकाश कोसळलं तरी ही बाई सहजच विचारणार.

३१ ऑक्टोबर

ढीग उचलून ओहोळ मोकळा करायचा, असा आदेश झाला बिल्डरला. तोपर्यंत आमच्या इमारतीचं काम बंद. मला बोलावंच लागलं नाही.

बाबांनी उभं राहून सांगितलं, "सोसायटीला काहीही कल्पना नव्हती." मी उठणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी उठलं. आई! कधी येऊन बसली होती कोण जाणे.

"मी सोसायटीची सभासद. विनया. ह्यांची बायको. कल्पना होती. लांब कशाला, गासच्या ओहोळात टाकू, असं ह्यांचं नि बिल्डरचं आमच्या हॉलमध्ये बसून ठरलं. चहा मीच दिला."