निवडुंगाचं वाण

रविवार, ८ जानेवारी १९५६

आलो एकदाचे मुलुंडला. गिरगावातल्या दीड खोलीनंतर इथल्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि ऐसपैस व्हरांडा म्हणजे चैनच. नीला सकाळपासून व्हरांड्यात नुसती धावते आहे. चार वर्षांची झाली तरी तिला आजवर धावायला जागा म्हणून मिळाली नव्हती. मागे पेरूचं झाड आहे, आणि त्यावर बसणारे पोपट आमच्याआधीपासूनचे भाडेकरू असल्यासारखे आमच्याकडे बघतात. यांची बदली भांडुपच्या कारखान्यात झाली म्हणून हे सारं. तिथे मिळालेली डायरी यांनी मला दिली आणि म्हणाले, नव्या ठिकाणी बोलायला कोणी नसेल तर हिच्याशी बोलत जा. म्हणजे हे स्वतः बोलणार नाहीत, ते ठरलं.

वरच्या मजल्यावर घरमालकीण माणिकताई आणि त्यांचे यजमान राहतात. त्यांनी आल्याआल्या चहा पाठवला.

बाळाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेल्या श्रावणात घटसर्पाने गेला, दीड वर्षाचा होऊन. त्याचं एक झबलं तेवढं ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आहे. नीलाला सांगितलंय की ट्रंकेला हात लावायचा नाही. मीही लावत नाही.

बुधवार, ११ जानेवारी

माणिकताईंकडे जाऊन आले. जिन्याच्या वरच्या टोकाला मोठ्या बरणीत त्यांनी एक निवडुंग लावलाय. रानातला नव्हे, शोभेचा. तीन धारांचा, कमरेएवढा उंच, हिरव्या अंगावर मधोमध पांढुरके पट्टे, आणि धारेधारेवर काट्यांच्या जोड्या. खोडापासून फांद्या निघून सगळ्या सरळ वर गेलेल्या, समईसारख्या. मला आवडला. मी तसं म्हटलं, तर माणिकताई नुसतं हं म्हणाल्या.

बाई चांगल्या आहेत, पण विचित्र. चुलीवरची कढई त्यांनी फडक्याशिवाय उचलली, दोन्ही हातांनी, आणि सावकाश खाली ठेवली. मी ओरडलेच. त्यांनी तळहात पाहिले. लालभडक झाले होते. म्हणाल्या, हो का, लक्षात नाही आलं.

शुक्रवार, २० जानेवारी

माणिकताईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. आळीतल्या बायकांची ओळख झाली. मागच्या घरातली सुगंधा नवी नवरी आहे. ती हसली की पेरूवरचे पोपट उडतात. सगळ्यांना वाण म्हणून कंगवे मिळाले. मला मात्र माणिकताईंनी शेवटी थांबवून घेतलं, पुन्हा हळदीकुंकू लावलं आणि पदराखालून निवडुंगाची कापलेली फांदी हातावर ठेवली. आभार मानू नकोस म्हणाल्या, आणि हेही म्हणाल्या की वाण परत घेत नाहीत. ते कोणाला माहीत नाही? हसून घेतलं.

निगा कशी राखायची तेही सांगितलं. कापलेला भाग सुकेपर्यंत सावलीत ठेवायचा, मग रेतीत विटांचा चुरा मिसळून लावायचा. थंडीत पाणी नाही. पावसाळ्यात वळचणीखाली, नाहीतर कुजतो. जखम झाली तर चुलीतली राख लावायची. चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही.

गुरुवार, २ फेब्रुवारी

फांदी लावताना काटा टोचला आणि चिकाचा थेंब बोटावर पडला. आधी आग झाली, मग बोट बधिर झालं. संध्याकाळपर्यंत तसंच. विळीवर कापलं तेव्हाही कळलं नाही. भाजीत रक्त दिसलं तेव्हा कळलं.

वर माणिकताई रडत असतात. मोठ्याने, लहान मुलासारख्या. त्यांचे यजमान जिन्यात भेटले, तर चेहरा आनंदलेला. म्हणाले, हिचा भाऊ जाऊन तीन वर्षं झाली, हिच्या डोळ्यातून टिपूस नव्हतं आलं. आता रडते आहे, बरं आहे.

रविवार, ११ मार्च

निवडुंगाने मूळ धरलं. नवी फांदी फुटली. रोज सकाळी थोडा फिरवते, म्हणजे एकाच अंगाला वाकत नाही. त्याच्यापाशी बसलं की बरं वाटतं. बरं म्हणजे काहीच वाटत नाही. आज दुपार झाली तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून बाळाची आठवण आली नाही. तो गेल्यापासून असा दिवस गेला नव्हता. देवापुढे साखर ठेवली.

बुधवार, ९ मे

निवडुंगाची एक छोटी फांदी मोडली. नीला व्हरांड्यात बाहुल्यांचं हळदीकुंकू खेळत होती. मला म्हणाली, मी पण बाई झाले, मला पण वाण दे. मग मीही खेळले. तिच्या कपाळाला खरं हळदीकुंकू लावलं आणि ती फांदी तिच्या हातावर ठेवली. डालड्याच्या डब्यात लावून दिली. तिने अगदी माझ्यासारखा पदर सावरल्यासारखं केलं. यांनी दारातून ते पाहिलं आणि हे पोट धरून हसले. मी हसले नाही. हसायला हवं होतं खरं.

शुक्रवार, २० जुलै

पाऊस. दोन्ही निवडुंग वळचणीखाली घेतले. माझा आता मांडीएवढा झालाय. कुंडी हलवताना चीक खूप आला. पुसायला फडकं सापडेना म्हणून ट्रंकेतलं झबलं काढलं. चांगलं पुसलं जातं. मऊ आहे.

मंगळवार, १४ ऑगस्ट

बाळाला जाऊन वर्ष झालं. यांनी सकाळी सांगितलं आणि बाहेर तोंड करून बसले. मी भात टाकला. फोडणी दिली. निवडुंगावरची धूळ झबल्याने पुसली.

यांनी ते झबलं पाहिलं. जेवले नाहीत.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

दिवाळी. नीलाने विझलेल्या फुलबाजीची तार तापलेल्या टोकाने मुठीत धरली. किती वेळ धरली होती कोण जाणे. वास आल्यावर मी पाहिलं. ती तार धरून शांतपणे माझ्याकडे बघत होती. हे धावले, मूठ सोडवली, पाण्यात धरली. हेच रडायला लागले. ती नाही रडली. मी नाही रडले.

काळजी वाटायला हवी होती. वाटली नाही. फक्त एवढं कळलं की वाटायला हवी होती.

गुरुवार, १० जानेवारी १९५७

माणिकताईंकडे गेले. नीलाचं सांगितलं. त्या मला पाहूनच रडायला लागल्या, जणू वर्षभर वाटच पाहत होत्या. म्हणाल्या, अनुपमा, मी तुझं वाटोळं केलं गं. त्यांना तो निवडुंग ठाण्याच्या जावेने दिला होता, भाऊ गेल्यावर, वाण म्हणून. आधी दुःख जातं. मग बाकीचं सगळं जातं. फेकून उपयोग नाही, तोडून उपयोग नाही. संक्रांत ते रथसप्तमीच्या आत त्याची एक फांदी एखाद्या सवाष्णीला वाण म्हणून द्यायची, म्हणजे आपण सुटतो. त्या तशाच सुटल्या. रोज मला जिन्यावरून बघत होत्या आणि तोंड लपवत होत्या.

राग यायला हवा होता. घरी आले. नीला भिंतीला टेकून बसली होती, तळपायात काटा. तो मी काढला. तिने पाहिलंही नाही.

म्हणजे द्यायलाच हवं. वाण घरातून गेलं की नीलाही सुटेल.

शुक्रवार, १८ जानेवारी

हळदीकुंकू केलं. सुगंधा सगळ्यात जवळ बसली होती. तिला दिली फांदी. अय्या, झकास आहे हो, म्हणाली. दोन्ही हातांनी घेतली आणि हसली. पोपट उडाले.

वाईट वाटलं नाही.

रविवार, २० जानेवारी

पहाटे बोटं दुखायला लागली. वर्षभराच्या सगळ्या चिरा, सगळे चटके. मग बाळ आठवला. त्याचा बसलेला आवाज, घशातली घरघर, गरम कपाळ. सगळा एकदम आला. यांना हाका मारल्या. यांनी मला धरून ठेवलं. मी दिवसभर रडते आहे. झबलं शोधलं. चिकाने कडक झालंय, उघडतही नाही. मी त्याने धूळ पुसली. मी त्याने धूळ पुसली.

सुगंधा मागच्या दारात उभी होती. पोपट पेरूवर बसून होते.

तिला काय केलं मी हे.

बुधवार, २३ जानेवारी

नीला तशीच आहे. जवळ घेतलं तर अंग सोडून देते. तिला विचारलं, आई आवडते का. म्हणाली, माहीत नाही.

डब्यातला निवडुंग रातोरात वाढल्यासारखा दिसतो. काल उपटून फेकला. सकाळी नीलाने उचलून आणून पुन्हा लावला होता.

सोमवार, २८ जानेवारी

माणिकताईंना विचारलं. त्यांनी एवढंच विचारलं की पोरीला तू हळदीकुंकू लावून दिलंस का. हो म्हटलं. खेळात. त्या जिन्यावर खाली बसल्या.

म्हणाल्या, मग ते तिचं झालं, घ्यायला मुहूर्त लागत नाही. तिनेच द्यायला हवं, तिच्या हाताने. आणि कुमारिकेने दिलेलं वाण लागत नाही.

पाच वर्षांची आहे. लग्न व्हायला अजून—

शनिवार, २ फेब्रुवारी

तरी करून पाहिलं. तिच्या बोटाने माझ्या कपाळाला कुंकू लावून घेतलं. तिच्या हातातून डबा घेतला. मला दे, मला दे म्हटलं. मी पुन्हा घ्यायला तयार आहे, सगळं. थांबून राहिले.

बोट चिरून पाहिलं. दुखलं.

तिचं टोचलं. ती बघत होती.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

दुपारी डोळा लागला. किती दिवसांनी. हे कारखान्यात. डायरी उशाशी होती म्हणून—

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. नीला म्हणाली, आई, मी चूल पेटवली. खेळातल्यासारखी. तिला म्हटलं, येते, हात लावू नकोस.

रडली असती तर कळलं असतं. ती रडत नाही, म्हणून मला कळत नाही की—

वास येतोय. कापूस जळाल्यासारखा, आणि त्याच्या खाली—

नीला. नीला, इकडे ये, पळत ये. ती चालत येते आहे, सावकाश, दारात आली, तिचा फ्रॉक—