पर्वतीच्या आधी शनिवारवाडा

दादा, काल आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळाने पुण्याच्या एका दिवसाच्या सहलीची आखणी माझ्या गळ्यात घातली. पंच्याहत्तरी ओलांडलेली मी बाई, हातात पेन धरून घामाघूम झाले. 'आखणी करावी तर तुम्हीच,' असं सगळ्या मला म्हणाल्या. मुलुंडला आमच्या सोसायटीत माझी तशी ख्याती आहे. कुणाचं लग्न असो की कुणाचं ऑपरेशन, मी आधी सगळं लिहून काढते, दोनदा तपासते आणि लोकांना वैताग आणते. त्यांना ती टापटीप वाटते. ती भीती आहे हे तुम्ही चटकन ओळखलं असतं. तर कागदावर 'सकाळी पर्वती' एवढं लिहिलं आणि पुढे हात चालेना. म्हणून दुसरा कागद ओढला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत की उत्तराची घाई नाही.

आपण भांडुपला राहत होतो तेव्हाचं. कागदोपत्री भांडुप मुंबईत आलं होतं, पण लोक अजून 'मुंबईला जाऊन येतो' असंच म्हणायचे. तुमची ही लेक अकरा वर्षांची. तुम्ही ओतकामाच्या कारखान्यात क्रेनवर. खात्याच्या छताखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रुळांवर चालणारी ती क्रेन, तिच्या टोपलीएवढ्या खोलीत तुम्ही बसलेले, आणि खाली साखळीला लोंबणारं लोखंडी ओझं. मी ते एकदाच पाहिलं, दसऱ्याला, यंत्रांची पूजा होती तेव्हा. तुम्हाला वर झेंडूच्या माळेमागे बसलेलं पाहून मला केवढा अभिमान वाटला होता. तुमच्या डोळ्यांतली नजर तेव्हाच जाऊ लागली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

मला ते कळलं ताटावर. तुम्ही मिठाला हात घातलात तो चटणीत पडला, आणि आईने तुमचं ताट किंचित फिरवलं. ती रोजच ताट फिरवत होती, एवढंच की मी तोवर पाहिलं नव्हतं. नंतर एकदा तिला खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं की तुम्हाला सगळं धुरातून दिसल्यासारखं दिसतं. उजेड कळतो, माणूस उभा आहे हे कळतं, कोण ते कळत नाही. मग क्रेन कशी चालते? तर खाली हातवारे करून खुणा देणारा माणूस आपल्या गावचा होता, आपले गाववाले काका. ते हाताने खूण करायचे ती लोकांना दाखवायला, आणि तुमच्यासाठी शिट्टी वाजवायचे. एक शिट्टी वर, दोन खाली, लांब शिट्टी म्हणजे थांब. खात्यात सगळ्यांना वाटायचं काकांना गाण्याचा नाद आहे. कारखान्याच्या डॉक्टरने दोनदा तपासणी ठेवली आणि दोन्ही वेळा तुम्हाला ताप आला.

शिमग्याला काका गावी गेले. पालखी नाचवायला ते कधी चुकायचे नाहीत, आणि नाही गेलं तर गावात तोंड दाखवता येत नाही, हे तुम्हालाही ठाऊक. त्या आठवड्यात तुमच्या साखळीचं ओझं एका माणसाच्या डोक्यावरून गेलं आणि त्याची टोपी उडवून गेलं. तुम्ही घरी येऊन हे हसत सांगितलंत. खात्यात सगळे हसले म्हणे, तो टोपीवालाही हसला. आई भाकरी थापत होती, तिचे हात थांबले ते थांबलेच, तव्यावरची भाकरी करपली. मी हसले नाही कारण त्या टोपीवाल्याची मुलगी वर्गात माझ्या शेजारी बसायची. दुसऱ्या दिवशी तिने मला चिंच दिली, मीठ लावलेली. मी ती दप्तराच्या तळाशी ठेवून दिली.

तेव्हापासून मी झोपेनाशी झाले. शाळेत असताना कारखान्याचा भोंगा अवेळी वाजेल म्हणून कान तिकडे. बाईंनी दोनदा हातावर पट्टी मारली, लक्ष कुठे असतं म्हणून. मी कुणाला सांगणार? सांगितलं तर तुमचं काम जाणार, नाही सांगितलं तर तिच्या वडिलांचं डोकं. काका गावाहून आले तरी माझी भीती गेली नाही, कारण शिट्टी वाजवणाऱ्याला एखाद दिवस खोकला झाला तर काय, असं माझं मन चालायचं. तेव्हापासून ते असंच चालतंय.

आणि तशात ती सहल निघाली. कारखान्यातल्या लोकांना दोन बस करून एका दिवसात पुणं दाखवायचं, सोबत घरचं एक माणूस. फोरमन साहेबांनी स्वतः येऊन तुमचं नाव लिहून घेतलं. टोपीच्या प्रकारापासून ते तुमच्याकडे जरा जास्तच बघत होते, असं काका म्हणाले. काकांच्या घरात बाळंतपण, ते येणार नव्हते. आई म्हणाली, "ताप इलो म्हणान सांगा." तुम्ही म्हणालात, "दोनदा झालो ताप. तिसऱ्यांदा फोरमन घराक येतलो." भांडुपात तुम्हाला प्रत्येक दगड पायाने पाठ होता. घरापासून कारखान्यापर्यंत तुम्ही डोळसासारखे जात होतात. पण पुण्यात तुम्ही जन्मात गेला नव्हता. परक्या शहरात पहिल्याच पायरीला झाकली मूठ उघडणार होती. आई सात महिन्यांची पोटुशी, म्हणून सोबत मी.

मग आपण दोघांनी पुणं पाठ करायला घेतलं. आठवतं का? कारखान्याच्या फळ्यावर लिहिलेला क्रम काकांनी उतरवून आणला: पर्वती, तिथेच जेवण, मग शनिवारवाडा, तुळशीबाग, परत. माझ्या शाळेतल्या शिवणाच्या बाई पुण्याच्या. मी त्यांना इतकं विचारलं की त्या म्हणाल्या, अगं, तू राहायला जाणार आहेस का तिथे? पर्वतीच्या पायऱ्या किती, तर त्या म्हणाल्या एकशेतीन, आणि किराणावाला म्हणाला एकशेआठ, त्या पाच पायऱ्यांच्या फरकाने माझा जीव खालीवर होत होता. शिवाय त्या पायऱ्या रुंद आणि उतरत्या, एकेका पायरीवर दोन-तीन पावलं टाकावी लागतात, हे कळलं तेव्हा तर आपण हादरलोच, कारण तुमचा सगळा हिशेब एका पायरीला एका पावलाचा.

रविवारी दुपारी आपण भांडुपच्याच डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्यांवर सराव केला. मी तुमची करंगळी धरलेली. एकदा दाबली की चढ, दोनदा की उतार, पिळली की थांबा. लोकांना वाटावं, बाप लेकीला फिरवतोय. प्रत्येक ठिकाणी काय बोलायचं तेही ठरलं होतं. पर्वतीच्या पायथ्याशी म्हणायचं, पायऱ्या भारी आहेत. वर गेल्यावर म्हणायचं, अख्खं शहर दिसतंय. शनिवारवाड्याला म्हणायचं, केवढा दरवाजा, खिळे बघा कसले. आणि मुख्य म्हणजे बसमधून उतरताच मी पोरीसारखं ओरडून ठिकाणाचं नाव घ्यायचं, म्हणजे तुम्हाला कळेल कुठे आलो. सरावात मी एकदा पायरी चुकवली, तुम्ही गुडघ्यावर आपटलात. मी रडायला लागले तर मलाच थोपटत म्हणालात, "तू माजे डोळे नाय गो. तू माजी शिट्टी. माका तेवडी पुरे." तुम्ही धीर द्यायला बोललात. मला मात्र ओझ्याखालचा तो टोपीवाला दिसला.

सहलीच्या दिवशी पहाटे आपण निघालो. तुम्ही सर्वांत मागच्या बाकावर, खिडकीला डोकं टेकून झोपेचं सोंग घेतलेलं, म्हणजे घाटात कुणी 'तो धबधबा बघ' म्हणणार नाही. टोपीवाला आणि त्याची मुलगी आपल्याच बसमध्ये, दोन बाकं पुढे. तिने मला हात केला. घाटात बसचं पाणी उकळलं आणि आपण तासभर खोळंबलो. सगळे उतरले, तुम्ही नाही. मी फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरायला गेले आणि परत येऊन तुमच्याजवळ बसले. तुम्ही पाणी प्यालात, तोंड पुसलंत, आणि मला हळूच विचारलंत, पायऱ्या किती? मी म्हटलं, एकशेतीन.

पुण्यात बस थांबली. पोरं कल्ला करत पुढे पळाली, आपण सगळ्यात शेवटी उतरलो. तुम्ही माझ्या हातात करंगळी दिली आणि थांबलात. मी काहीच ओरडले नाही. फोरमन साहेब बसच्या दाराशीच उभे होते. त्यांनी विचारलं, कसं काय वाटतं पुणं? तुम्ही मान वर केलीत, अगदी ठरल्यासारखी, आणि हसून म्हणालात, "पायऱ्या भारी आहेत साहेब. पण वरचं देऊळ काय झकास दिसतंय इथनं."

समोर शनिवारवाड्याचा दरवाजा होता. दगडी बुरूज, बंद दाराला हातभर लांब खिळे. पायऱ्या नव्हत्या, देऊळ नव्हतं. उशीर झाल्यामुळे साहेबांनी क्रम बदलला होता, पर्वती उन्हं उतरल्यावर करायचं ठरलं होतं. फोरमन साहेब तुमच्याकडे बघत राहिले. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी फक्त तुमचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "चला, माझ्याबरोबर चला. खाली उंबरा आहे." त्या क्षणी तुमचा चेहरा कसा झाला तो मी सांगणार नाही. तुम्हाला तो दिसला नाही हेच बरं. दिवसभर साहेबांनी तुमचा हात सोडला नाही, संध्याकाळी पर्वतीवरही नाही, आणि मी मागून तुमची चप्पल बघत चालले.

सोमवारी तुम्हाला क्रेनवरून उतरवलं. साहेबांनी सांभाळून घेतलं, भांडारात बसवलं, नट-बोल्ट हाताने चाचपून वेगळे करायला. पगार उतरला, आई बाळंत झाल्यावर महिन्याभरात काज-बटणं करायला बसली. ते सगळं आपण निभावलं. टिकलं नाही ते तुमचं बोलणं. पूर्वी जेवताना खात्यातल्या गमती सांगायचात, भांडारातली एकही कधी सांगितली नाही. काका यायचे, दोघं नुसते ओट्यावर बसून राहायचात. आई मात्र माझ्यावर चिडली होती. ती म्हणाली, एवढं एक काम होतं पोरीचं, एक नाव घ्यायचं होतं. साहेबांनी क्रम बदलला तो घाटात सगळ्यांना सांगितला, मग हिला कसा कळला नाही? तेव्हा तुम्ही तिला अडवलंत. "ल्हान चेडू ता. इसारला." त्यानंतर तुम्ही पंधरा वर्षं जगलात आणि ही गोष्ट तुम्ही माझ्यासमोर पुन्हा एकदाही काढली नाही. माझ्या लग्नात, पाठवणीच्या वेळी, तुम्ही माझी करंगळी धरलीत तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. पण मांडवात माणसं होती, आणि मी भित्री.

आता हा कागद कुठे जायचा नाही, म्हणून लिहिते. दादा, मी विसरले नव्हते. घाटात मी तांब्या भरत होते तेव्हा साहेब माझ्यापासून दोन हातांवर उभे राहून बोलत होते: आधी शनिवारवाडा, मग पर्वती. मी तांब्याची फिरकी घट्ट लावली, तुमच्याजवळ येऊन बसले, आणि तुम्ही पायऱ्या विचारल्यात तेव्हा एकशेतीन म्हटलं. मला वाड्याचं नाव येत होतं, तोंडातच होतं. बस पुन्हा सुटली तेव्हा दोन बाकं पुढे ती मुलगी बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि मला ही भीती आणखी एक दिवस नको होती. मी तुम्हाला उघडं पाडलं, तेही तुमच्याच करंगळीला धरून.

आणि त्याहून लहान गोष्ट, जी आईलाही कधी कळली नाही. परत येताना बसमध्ये तुम्ही जागेच होता, खिडकीकडे तोंड करून. मी तुमच्या दंडावर डोकं टेकलं आणि शिमग्यापासून पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली.