टेकडीवरून दिलेली ओळ

अंदमान, मंगळवार

प्रिय सुंदरा,

सप्रेम जयभीम. प्रवास सुखाचा झाला. तुझा गुडघा कसा आहे? धायरीत पाणी वेळेवर येतंय ना?

आज आम्रपालीने मला या चिमुकल्या बेटाच्या टेकडीवर नेलं. वरून चहूकडे निळा समुद्र दिसतो, थेट शाळेच्या पुस्तकातल्या कवितेसारखा. सिंहगडावर आपली रीत होती ना, आधी पोचेल त्याने कवितेची ओळ ओरडायची आणि मागच्याने पुढची म्हणायची? आज पहिल्यांदाच मी लेकीच्या आधी पोचलो. ओळ म्हटली. खालून उत्तर आलं नाही.

उतरून पाहतो तर ती छातीवर हात ठेवून दगडावर बसलेली. "बाबा, म्हातारे तुम्ही की मी?" म्हणून हसली, मग रडली. तिच्या हृदयाची झडप खराब आहे गं. पुढच्या महिन्यात ऑपरेशन. डॉक्टर खात्री देत नाहीत.

"आईला इतक्यात सांगू नका," म्हणाली. मी हो म्हटलं. फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून हे पत्र.

ती स्वतः सांगेल, तेव्हा पहिल्यांदाच ऐकते आहेस असं दाखव. रडायचं ते आम्ही येण्याआधी रडून घे.

तुझा,
सीताराम