पुढच्या बाजाराला हजर

भूम,
दि. १८ जानेवारी २०२६

चि. धनाजी यास,
अनेक आशीर्वाद.

आज पहाटे साडेपाचला उठलो. नळाला पाणी आलं होतं, ते भरलं. शेळीला पाला टाकला. तिची दोन करडं आता चांगली उड्या मारतात, एक तर काल चुलीवर चढून बसलं होतं. दुपारी भात आणि वरण केलं. जेवून स्टँडवर एक चक्कर मारली. नवा कंट्रोलर माइकवर इतकं भराभर बोलतो की लोक खिडकीशी जाऊन परत विचारतात.

शिवानी आणि लेकरं बरी असतील. तिनं पाठवलेला तिळगूळ मिळाला. यंदा येळवशीच्या अमावस्येला मी कुणाच्या शेतात पूजेला गेलो नाही. शेजाऱ्यांनी भज्जी आणि अंबील घरी आणून दिली. तुझी ताई गेल्यानंतरची ही पहिलीच येळवस होती.

तू म्हणशील, दाजींनी फोन सोडून पत्र का लिहिलं. फोनवर तू बोलतोस आणि मी 'बरं' म्हणतो. एकतीस वर्षं मी स्टँडवर माइकवर बोललो, पण ते सगळं गाड्यांबद्दल होतं. घरात बोलायचं काम तुझ्या ताईकडं, दैवशालाकडं होतं.

साइटबद्दल लिहायचं आहे.

ती पशुसखी म्हणून शेळ्या-जनावरांची देखभाल शिकवत गावोगाव फिरायची. ईट गावच्या आणि आसपासच्या बायका तिला शेळ्यांबद्दल तेच तेच विचारायच्या, म्हणून तिनं वही लिहायला घेतली. चार वर्षांपूर्वी ती वही बघून तू म्हणालास, ताई, याची साइट करू. तू पुण्यात याच कामात आहेस, नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी बसून तू ती केलीस. ते मी विसरलेलो नाही. मग तू आमच्यासमोर गुगलवर शोधून दाखवलंस. आपली साइट अकराव्या पानावर निघाली. ती केवढी हसली. "अरं, अकराव्या पानापोत्तर कोण येतंय? तवर शेळी मरून जाईल की!"

तू तिला समजावलंस, "ताई, गुगलला शेळीतलं काय कळत न्हाय. दुसऱ्या किती साइटी तुझ्याकडं बोट दाखवत्यात, तेवढं त्याला कळतं. त्याला लिंक म्हणत्यात."

"म्हंजी पाठीवर हात ठेवायचा," ती म्हणाली.

तू लहानपणी तुझ्या वडिलांचं, आबांचं बोट धरून शेळीबाजारात गेलेला आहेस. तुला पाठीवरचा हात ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण लिहिलं की तू वाचशील. गिऱ्हाईक बिचकत असलं, तर त्या शेळीला ओळखणारा तिसरा माणूस पुढं येतो आणि तिच्या पाठीवर हात ठेवतो. तो काही बोलत नाही. पण पुढच्या बाजाराला त्यानं तिथं हजर राहायचं असतं. शेळीत खोट निघाली तर गिऱ्हाईक विकणाऱ्याला नाही, त्याला शोधतं. आबांनी एकदा असा हात ठेवला होता आणि शेळी आटलेली निघाली. पुढच्या बाजाराला त्यांच्या अंगात ताप होता, तरी ते घोंगडी पांघरून येऊन बसले होते. हे मला तुझ्या ताईनं सांगितलं.

मग तिनं सांगायचं आणि मी लिहायचं, असं ठरलं. माझं अक्षर चांगलं म्हणून. "माझ्या पत्नीनं शेळ्यांबद्दल लिहिलं आहे. वाचून बघा. पटलं तर आपल्या पानावर आमचा पत्ता द्यावा. न पटल्यास देऊ नये." अशी मी साइटी चालवणाऱ्यांना चाळीसएक पत्रं लिहिली. अकरा जणांनी पत्ता दिला. माकणीच्या शाळेतल्या शुभांगी मॅडम गावाच्या माहितीचं पान चालवतात, त्यांनी सगळ्यांत आधी दिला. बचत गटांच्या संघानं दिला. सोलापूरकडच्या एका शेळीवाल्यानं तर फोन करून तासभर परीक्षा घेतली आणि मग दिला. दोन वर्षांत आपण तिसऱ्या पानावर आलो. ती म्हणाली, एवढं बास.

ती गेली त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तेराव्याला तू माझ्याजवळ बसून म्हणालास, "दाजी, साइट मी सांभाळतो. ताईचं नाव खाली जाऊ देणार न्हाय." नऊ दिवस दवाखान्यात आणि नंतरचे तेरा दिवस मी कुणासमोर रडलो नव्हतो. तुझ्यासमोर रडलो.

नंतर तू फोन करून ओटीपी मागितलास. तिचा फोन माझ्याकडंच होता. मी आकडे वाचून दाखवले. चार वेळा मागितलेस, चार वेळा वाचून दाखवले. कशाला, ते विचारलं नाही.

जुलैत साइट पहिल्या पानावर पहिली आली. मी फोन घेऊन स्टँडवर गेलो. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना दाखवलं. माझ्याबरोबरचे जुने कंडक्टर आण्णासाहेब म्हणाले, "गोरोबा, सगळी नोकरी झाली पण तुला कधी एवढं बोलताना बघितलं न्हाय." रोज जेवण झालं की मी तिचं एक पान वाचायचो. "बायांनो, करडाला पहिला चीक पाजायला लाजू नका, त्याची आई लाजत नाही." तसंच बोलायची ती. वाचताना घरात कुणी बोलतंय असं वाटायचं.

आता मागच्या बाजाराचं सांगतो. ईटच्या कोंडाबाई भेटल्या. तुला आठवत असतील, ताईच्या पिशवीत हात घालून गूळ शोधायच्या त्या. त्यांच्याबरोबर शेळी नव्हती. मी विचारलं, रिकाम्या कशा आलात?

"काय आणू? तिघींनी गाभ टाकला."

"कशानं?"

"नातीनं मोबाइलवर वाचून दावलं. जंताची पावडर गाभण शेळीला चालती म्हून. म्या इचारलं, कोण म्हणतंय? ती म्हणली, दैवशालाबाईनं लिव्हलंय. मग काय इचारायचं ऱ्हायलं? दिली." त्यांनी चहावाल्याला हात केला. मग म्हणाल्या, "चुकती कुणाची बी. बाई गेली, आता तिला काय बोलायचं. तुमी च्या घ्या."

मी चहा घेतला.

घरी येऊन तिची वही काढली. वहीत तिच्या अक्षरात आहे, "गाभण शेळीला जंताचं औषध आपल्या मनानं देऊ नका. डॉक्टरला विचारा. मीसुद्धा विचारते." शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ आहे. साइटवर त्याच जागी आहे, "गाभण शेळीलाही चालते. इथे मागवा." आणि 'इथे' या शब्दावर बोट ठेवलं की पावडरवाल्याची साइट उघडते. वर फोटो तुझ्या ताईचा. तुझ्याच लग्नातला.

त्या संध्याकाळी मी तुला फोन केला. तू म्हणालास, "दाजी, लिंका फुकट येत न्हाईत. घेतली तर द्यावी लागती. तीनशे साइटी ताईला लिंक देत्यात, त्यांतल्या काहींना आपण द्यायची. पावडरवाल्याच्या हातात चाळीस साइटी हायत. त्याच्या लिंकला ती ओळ आड येत होती. एक ओळ तर बदलली."

मी विचारलं, त्या तीनशे जणांनी ताईचं वाचलंय का. तू हसलास. मग म्हणालास, "पहिला नंबर तुमालाच पायजे होता ना?"

मी 'बरं' म्हणालो आणि फोन ठेवला.

तुझे तीनशे मी नंतर एकेक उघडून बघितले. जमतील तेवढे. एक केसाच्या तेलाचा, एक रमीचा, एक परदेशातल्या घरांचा. यांतला एकही माणूस शेळीजवळून गेलेला नसेल. यांनी तिच्या पाठीवर हात ठेवले, आणि पुढच्या बाजाराला यायला यांतलं कुणीही नाही. आणि त्यांचे हात मिळावेत म्हणून तू तिचा हात उचललास आणि त्या पावडरवर ठेवलास. तिला विचारता येत नव्हतं, म्हणून ठेवता आला.

धनाजी, परका माणूस असता तर मी पोलिसांत गेलो असतो. तू तिच्या पाठचा. तिच्या पहिल्या मानधनातून तिनं माझ्यासाठी काही घेतलं नव्हतं, तुझ्यासाठी बूट घेतले होते. तुझ्या हातात साइट देताना मला वाटलं की ती घरातच राहिली.

इथं थांबणार होतो. पण एक गोष्ट वर खोटी लिहिली आहे, ती तशीच ठेवून पत्र पाठवता येणार नाही.

वही मी मागच्या बाजारानंतर काढली, असं लिहिलं. वही मी श्रावणातच काढली होती. रोज वाचणाऱ्या माणसाला ओळ बदललेली कळणार नाही का? ज्या दिवशी वाचली त्याच दिवशी खटकली. 'मागवा' हा शब्द ती कधी लिहिणार नाही. वही काढून बघितलं आणि परत कपाटात ठेवली. तुला विचारलं असतं तर तू ती लिंक काढली असतीस, आणि साइट पुन्हा खाली गेली असती. मला ती पहिली पाहिजे होती. श्रावण ते पौष मी गप्प राहिलो. त्या दिवसांत कोंडाबाईच्या शेळ्या गाभण होत्या.

आणि बाजारात त्या म्हणाल्या की चुकती कुणाची बी, तेव्हाही मी गप्पच. त्यांनी दैवशालाला माफ केलं आणि मी ते तिच्या वतीनं घेतलं. तिनं न केलेल्या चुकीची माफी. तू तिची ओळ बदललीस, आणि मी बाजारात चहा पीत बसून तिला खोटी ठरू दिलं. दोघांत कुणाचं मोठं, ते मला ठरवता येत नाही.

म्हणून आता जे केलं आहे ते कळवतो. अकराच्या अकरा जणांना मी परत पत्रं लिहिली. "आपण माझ्या पत्नीच्या लिखाणाला पत्ता दिला होता. त्या पानावर आता तिचं लिखाण राहिलेलं नाही. कृपया पत्ता काढून टाकावा." आज दुपारी शुभांगी मॅडमचा फोन आला. "काका, मी काढला. पण साइट खाली जाईल हो. बाईंचं नाव कुणाला सापडणार नाही." मी म्हणालो, जाऊ द्या. एवढंच जमलं. तुझे तीनशे तुझ्याकडं राहू देत.

तिचं सिम फोनमधून काढून वहीत ठेवलं आहे. आता ओटीपी लागला तर मिळणार नाही.

उद्या बाजार आहे. कोंडाबाई येतील, बाकीच्या बायकाही येतील. शेळ्या बांधतात तिथं उभा राहून मी ती वहीतली ओळ मोठ्यानं वाचणार आहे, आणि ती कुणी बदलली आणि कोण गप्प राहिलं तेही सांगणार आहे. तुझं नाव घेईन, माझंही घेईन. माइक नसेल, पण आवाज अजून पोचतो.

तुला पत्र मिळेपर्यंत उद्याचा बाजार होऊन गेलेला असेल. त्याच्या पुढच्या बाजाराला ये. साइटवर तिची ओळ परत लिही, नाहीतर साइट बंद कर, दोन्ही तुझ्या हातात आहे. पण ये आणि कोंडाबाईंच्या समोर उभा राहा. वर्षश्राद्धाला सकाळच्या गाडीनं येतो म्हणाला होतास. बाजार चुकवून त्या दिवशी घरी येऊ नकोस. पान मी एकटा वाढीन.

शिवानीला यातलं काही सांगितलं नाही. लेकरांना आशीर्वाद.

तुझ्या ताईचा नवरा,
गोरोबा

ता. क. पाकिटाला डिंक राहिलेला नाही. दुपारच्या भाताची चार शितं लावून चिकटवतो आहे. वाळलं की पेटीत टाकून येईन.