गळ्याचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार
यांच्या मानेतल्या गाठीला रेडिएशनचा अकरावा दिवस. माप तेवढंच — पावणेसतरा इंच. वैताग आलाय नुसता!
हे शिंपी. रोज सकाळी मानेला टेप लावायला मात्र मी. स्वतःचं माप स्वतः घेऊ नये, टेप तिरकी पडते, हा यांचा चाळीस वर्षांचा नियम. आकडा ऐकला की दिवसभर धुमसतात. मग माझी काजं वाकडी, माझा चहा गार.

५ फेब्रुवारी
पावणेसतरा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आज यांनी डॉक्टरीणबाईंना तोंडावरच विचारलं, "पंधरा वेळा मशीनखाली झोपलो. गाठ जागची हलेना. यायचं कशाला?"
बाई शांत. म्हणाल्या, किरणांनी पेशीच्या आतला डीएनएचा धागा तुटतो. चांगली पेशी तो बराचसा सांधून घेते, कॅन्सरच्या पेशीला ते नीट जमत नाही. तरी ती लगेच मरत नाही. एकीच्या दोन व्हायला जाते, तेव्हा मरते. मग शरीर हळूहळू साफसफाई करतं. "मधेच सोडलंत तर उरलेल्या पुन्हा वाढतील."
रस्त्यात हे म्हणाले, "धागा तुटला की शिवण उसवते. इथे का उसवत नाही?" कपाळ माझं!

१० फेब्रुवारी
यांनी जाहीर केलं — शुक्रवारपर्यंत टेप हलली नाही, तर रेडिएशन बंद. घशाखाली पाणी उतरत नाही, त्यांचंही खरंच आहे. पण अजून एकोणीस दिवस बाकी आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
पावणेसतराच. मी म्हणाले, "साडेसोळा." तोंडातून निघूनच गेलं.
"नीट बघ."
"बघितलं की. बायको आहे तुमची, गिऱ्हाईक नाही."
शर्ट घालून हॉस्पिटलला निघाले.

२१ फेब्रुवारी
आज सव्वासोळा सांगितलं. शेजाऱ्यांना सांगत सुटलेत. टेप मेली पावणेसतरालाच चिकटलेली! उपचार खरंच लागू पडत नसले तर? मग या माणसाचे हाल मीच करतेय. भीती वाटते, आणि बोलायची सोय नाही.

२८ फेब्रुवारी
साडेसोळा! तीनदा मोजलं. गाठही बोटाला मऊ लागली.
"किती?"
"सव्वासोळा. कालच्याइतकंच."
यांचा चेहरा पडला. मी पाठ फिरवून टेप गुंडाळत बसले, हसू दिसू नये म्हणून.